भाऊजींचा लोड

आमच्या भाऊजींसमोर इंग्रजी शब्द तोंडातून काढायची चोरी होती. काढला की पकडलाच. समोर पाहुणा चहाचा कप घेऊन बसलेला असो की गॅसवाला दारात घाम पुसत उभा असो, भाऊजी चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "हा शब्द आला कोठून, ठाऊक हाय का तुमाले?" समोरच्याला ठाऊक नसायचं, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचं काही घेणंदेणंही नसायचं. पण भाऊजी सांगायलाच बसलेले. गॅसवाला पुढच्या घरी जायला उतावीळ, आणि इकडे हे सिलेंडर या शब्दावरून ग्रीक लोकांच्या लोळण्यापर्यंत जाऊन पोचलेले. तो बिचारा रिकामं सिलेंडर खांद्यावर टाकून सटकायचा आणि भाऊजी माझ्याकडे वळून म्हणायचे, पाहा, हातात रोज घेते पण त्याचं गाव इचारत नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. आमचं माहेर चांदूर बाजारचं. ताई लग्न होऊन अकोल्याला गेली, मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात. मी अमरावतीला आले आणि पुढे नांदगाव पेठेतल्या एका कापड गिरणीत, माल रवाना करायच्या खात्यात चिकटले. भाऊजी अकोल्याच्या एका ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. पोर्शन त्यांचा कधी वेळेवर संपला नाही. पोरं परीक्षेच्या मागे आणि हे एकेका शब्दाच्या मागे. तरी गंमत अशी की त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं अजून रस्त्यात भेटली की "सर, विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा" असं म्हणून पाया पडायची. बाकीचं सगळं विसरलेली असायची बहुतेक.

बोलणं मात्र अस्सल वऱ्हाडी. इंग्रजीच्या मास्तरानं जरा छाप पडेल असं बोलावं, असं ताईला फार वाटायचं. एकदा ताईच्या मुलाचा, निखिलचा, पुण्याचा मित्र घरी आला होता. तो जेवताना फारच गोड आवाजात म्हणाला की काका, तुम्ही इंग्रजीचे प्राध्यापक असून घरी असं कसं बोलता? भाऊजींना राग वगैरे काही आला नाही. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "इंग्रजी बी पहिले कोण्यातरी वावरातल्या लोकायची वऱ्हाडीच होती ना, बापू." त्या पोराला काय समजलं देव जाणे. मला मात्र असा आनंद झाला की मी त्याच्या पानात आणखी एक भाकर वाढली.

ताईची वेगळीच तऱ्हा. तिला शब्दबिब्द काही नको असायचं. ती म्हणायची, यांना शब्दाचा पणजोबा ठाऊक, पण डब्यात गव्हाले किडे पडले ते ठाऊक नाही. एकदा पाहुणे आले म्हणून तिनं भाऊजींना बिस्किटं आणायला पिटाळलं. चहा उकळून उकळून आटला, पाहुणे निघाले, तरी यांचा पत्ता नाही. ताई कोपऱ्यापर्यंत पाहायला गेली तर हे दुकानाच्या पायरीवर बसून दुकानदाराला सांगतायत की बिस्किट म्हणजे दोनदा भाजलेलं. आणि बिस्किटं अजून बरणीतच. ताई सणसणीत काहीतरी बोलली. भाऊजी मुकाट्यानं तिच्यामागून चालत आले. घरी आल्यावर मला डोळा मारून म्हणाले, आज मीबी दोनदा भाजल्या गेलो.

आता लोडचं सांगते. भाऊजींच्या बैठकीत एक लाकडी तख्तपोस होतं आणि त्यावर भिंतीशी एक जाडजूड लोड. कॉलेजातून आले की त्याला पाठ लावून बसायचे. एका रविवारी मी अमरावतीहून आले, बसच्या प्रवासानं जीव नकोसा झालेला. पिशवी आदळली आणि म्हटलं, "बाप्पा, या आठवड्यात लय लोड होता." झालं. चष्मा वर. कोणता लोड म्हणे? पाठीमागच्या लोडावर त्यांनी थाप मारली, हा का? नेमकी त्याच वेळी वीज गेली, कुलर घरघरून थांबला, आणि ते खुशीत येऊन म्हणाले, हा पाहा दुसरा, लोडशेटिंगचा. आणि तिसरा तुमच्या गिरणीतला, ट्रकवरचा. एका घरात तीन लोड, नलूबाई, आणि तिघायची एकमेकाशी ओळख नाही. त्या उकाड्यात पुठ्ठ्यानं वारा घेत त्यांनी मला सगळं सांगितलं. आपला टेकायचा लोड हा आपलाच, लोळण्याच्या घरातला असावा, पण त्याची त्यांना खात्री नव्हती. ट्रकवरचा आणि विजेचा मात्र एकच, इंग्रजांकडचा. मी अर्धं ऐकलं, अर्धं नाही. ताईनं आतून ओरडून सांगितलं की तिच्या पोटात अन्न जाऊ द्या, मग काय तो लोड टाका.

त्या शब्दाचं उरलेलं अर्धं त्यांनी मला सांगितलं ते फार वाईट वेळी. माझे यजमान अचानक गेले. पोरगी लहान, नोकरी टिकवायची, सासरचं कोणी उभं राहायला तयार नाही. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, नलू, लोड घेऊ नको. हल्ली सगळ्यांच्या तोंडी हेच. आजारी माणसाला लोड घेऊ नको, नापास झालेल्या पोराला लोड घेऊ नको. भाऊजी अमरावतीला येऊन राहिले होते. सगळे पांगल्यावर माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "लोड घ्या, नलूबाई. खाली, रिकामी गाडी लय उडते." आणि मग, माझ्या डोळ्याचं पाणी खळलेलं नसताना, यांनी सुरू केलं की या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ ओझं नव्हताच. त्याचा अर्थ होता वाट. चालायची वाट. वाटेनं नेणं, वाहून नेणं. मग नेतात ती वस्तू, मग त्या वस्तूचं वजन, असं होत होत ओझं त्याला मागाहून चिकटलं. ध्रुवताऱ्याला इंग्रज लोडस्टार म्हणतात तो म्हणून, वाट दाखवतो म्हणून. आणि पोट भरायच्या धंद्याला ते लोक लाइव्हलीहुड म्हणतात, त्याच्या पोटातही हाच लोड लपलेला आहे, जगण्याची वाट.

मला असा संताप आला की सांगता सोय नाही. माणसाचं घर बुडालंय आणि यांना ग्रंथ सुचतोय. मी तोंड फिरवून बसले. पण पुढच्या महिन्यात कामावर गेले, फाटकाशी ट्रकवर कापडाच्या गठाणी चढत होत्या, ड्रायव्हर कॅबिनमधून ओरडला, मॅडम, लोड झाला, निघू का? तेव्हा मला ते आठवलं आणि मी म्हटलं, निघा. त्या दिवसापासून मी खरंच निघाले, असं म्हणायला हरकत नाही.

भाऊजी रिटायर झाले आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात पडले. अकोल्याचा उन्हाळा काय असतो हे मी सांगायला नको. सकाळीच कुलरमध्ये पाणी भरत होते. पाइप हातातून सुटला, पाणी घरभर झालं म्हणून ताई बोलायला आली तर हे भिंतीशी कलंडलेले. उजवी बाजू गेली. वाचा गेली. दवाखान्यात मी धावले तेव्हा ते मला पाहत होते, ओळखत होते, ओठ हलवत होते, पण आवाज नाही. ज्या माणसाला गप्प बसवायला आम्ही जन्मभर धडपडलो तो माणूस गप्प होता आणि ते बघवत नव्हतं. मी जिन्यात जाऊन रडले.

घरी आणल्यावर एक दिवस ताईचा फोन आला. आनंदानं तिला धाप लागली होती. "बोलले वं नले, बोलले." मी विचारलं, काय बोलले? "लोड," ताई म्हणाली, "साफ बोलले, लोड." आम्ही दोघी फोनवर हसलो आणि रडलो. आज एक शब्द आला, उद्या दुसरा येईल, असंच कोणालाही वाटणार. दुसरा आला नाही. भूक लागली की लोड. डास चावला की लोड. मी समोर गेले की डावा हात माझ्या डोक्यावर ठेवून लोड.

आधी सगळ्यांना वाटलं, टेकायला लोड मागतायत. बैठकीत भिंतीशी त्यांची खाट टाकली होती, तिथं तख्तपोसावरचा आणून पाठीशी लावला. मान हलवली, नको. उशाशी दिला, नको. शेजारी रफीकभाई राहतात, गाद्या-रजया भरतात. त्यांची दोन्ही मुलं भाऊजींकडे शिकलेली. त्यांच्या कानावर गेलं की सर लोड मांगते, घरातला जुना पसंत पडत नाही. त्यांनी नवा कापूस पिंजून, पांढरी खोळ शिवून, असा सुरेख लोड भरून आणला की नवरदेवाच्या बैठकीला शोभावा. स्वतः भाऊजींच्या पाठीशी लावला. "अब आराम से, सर," म्हणाले. भाऊजींनी त्या लोडावरून डावा हात फिरवला, रफीकभाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "लोड." रफीकभाई खूश. "हाँ सर, लोड." भाऊजींनी डोळे मिटले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. रफीकभाईंना वाटलं माप चुकलं. ते बिचारे तो परत नेऊन आणखी कापूस घालून घेऊन आले.

मग ज्याला जो सुचेल तो अर्थ तो लावू लागला. निखिल पुण्याहून फोनवर वडिलांचं तोंड पाहायचा आणि म्हणायचा, आई, पप्पा तुला सांगतायत की लोड घेऊ नको. कोणी म्हणालं छातीवर ओझं वाटत असेल, पुन्हा दाखवा. वायरमन झालेला एक जुना विद्यार्थी येऊन मीटर आणि कुलरची वायर तपासून गेला. मी कधी काही बोलले नाही. जुन्या अर्थाची मला आठवण होती, पण ती सांगून करायचं काय?

मी दर रविवारी जायची. पाहता पाहता ताई वाळत चालली होती. भाऊजींचं सगळं ती एकटी करत होती, पण ते नव्हतं. करायला तिनं कधी मागेपुढे पाहिलं नव्हतं. एका रविवारी मागच्या अंगणात भांडी घासता घासता ती थांबली आणि राखेचे हात तसेच धरून म्हणाली, "नले, त्यायले वाटते ते माह्यावर लोड झाले. दिवसभर तेच म्हणतात. मी काय कमी केलं वं त्यायचं?"  संध्याकाळ झाली की भाऊजी हाच शब्द जास्त म्हणायचे, मोठ्यानं म्हणायचे. आणि ताई प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातून धावत जाऊन उत्तर द्यायची, "नाही हो, कायचा लोड? मले काहीच लोड नाही." ते मान हलवायचे. तिला वाटायचं, विश्वास बसत नाही त्यांचा. ती आणखी समजवायची, शपथा घ्यायची. ते आणखी मान हलवायचे. शेवटी दोघं रडायची. हे रोज. असं कोणी किती दिवस निभावेल? भाऊजींचं जे व्हायचं ते होईल, पण ताई यात संपेल, अशी मला भीती वाटू लागली.

म्हणून मी शहाणपणा करायला गेले. तिला समोर बसवलं आणि भाऊजींनी मला सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. लोड म्हणजे मुळात ओझं नव्हेच, ताई. वाट. हे तर भाऊजींना कोणापेक्षाही जास्त ठाऊक. ते तुला ओझं कशाला म्हणतील? ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "वाट? म्हणजे जायची वाट. मले जाऊ द्या म्हणून राह्यले ते."  मी आगीत तेल ओतून बसले होते. शब्दाचा अर्थ बदलला आणि तिचं दुःख दुप्पट झालं. ओझं म्हणत होते तोवर निदान समजूत तरी घालता येत होती.

वाचेचे व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, हसरी, तरतरीत. चित्रं दाखवायची. गाय दाखवली, लोड. छत्री दाखवली, लोड. तुमचं नाव काय सर? लोड. स्वतःच्या नावाला लोड म्हणताना भाऊजींच्या कपाळाला आठी पडायची, चुकलं हे त्यांना कळायचं. त्या मुलीनं आम्हा दोघींना ओसरीवर नेऊन सांगितलं की असं होतं कधी कधी. आत सगळं असतं, विचार असतो, बोलायचं असतं, पण बाहेर यायला एकच शब्द उरतो आणि सगळं त्यातूनच येतं. तो शब्दच का उरला ते कोणी सांगू शकत नाही. शब्दात अर्थ शोधू नका काकू, आवाजात शोधा, एवढं सांगून ती गेली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. एका शब्दाचे दहा अर्थ उलगडून दाखवणारा माणूस, आणि त्याच्या सगळ्या अर्थांना मिळून एक शब्द ठेवलास, देवा? तुझ्या घरी न्याय म्हणून काही आहे की नाही? ताईनं मात्र एवढंच विचारलं, हाच काहून राह्यला? दुसरे नव्हते का?

चांदूर बाजारला आमच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. ताई जायला तयार नव्हती. मी रजा टाकून आले, तिला जवळजवळ ढकलून बसमध्ये बसवलं आणि दिवसभर भाऊजींपाशी राहिले. दुपारपर्यंत बरं गेलं. त्यांना मऊ भात भरवला, पेपर वाचून दाखवला. त्यातला एक इंग्रजी शब्द मी मुद्दाम घोळवला, म्हटलं चष्मा वर जातो का पाहू. ते नुसते हसले. ऊन उतरलं तसे ते अस्वस्थ झाले. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून हाक दिल्यासारखे म्हणाले, "लोऽड." मी पाणी दिलं. नको. कूस बदलून दिली, नको. पंखा कमी केला, जास्त केला, रफीकभाईंचा लोड लावला, काढला. नको, नको. पुन्हा दाराकडे पाहून, "लोऽड."

वाचेचे व्यायाम घेणाऱ्या मुलीचं बोलणं माझ्या डोक्यात होतं. मी कामं सोडली आणि त्यांच्या पायथ्याशी बसून नुसतं ऐकलं.  तो सूर माझ्या ओळखीचा होता. भाऊजी कॉलेजातून आले की उंबऱ्यात सँडल काढता काढता आत आवाज द्यायचे, "अवंऽ." सुरुवात वर उचललेली, शेवट खाली सोडलेला. ताईला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. आमच्याकडे त्या पिढीत मारतच नसत. अवं, ऐकलं का, कोठी गेली, एवढ्यावर त्यांचा सगळा संसार झाला. आणि ती हाक यायची ती वेळही हीच, ऊन उतरल्याची. ते ओझं म्हणत नव्हते, वाट म्हणत नव्हते, काहीच सांगत नव्हते. ते ताईला बोलावत होते. ती धावत येऊन समजूत घालत बसायची, आणि यांना हवी होती फक्त ओ.

दिवेलागणीला ताई आली. ओसरीवर तिच्या चपलांचा आवाज झाला आणि भाऊजी वळून एकदाच, हळू म्हणाले, "लोड." आणि निवांत पडून राहिले. मी ताईला तशीच स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि सांगितलं. ती माझ्यावरच उखडली. तुले त्यायच्यासारखंच लागलं आता, म्हणाली, जिथं नाही तिथं अर्थ काढते. मी म्हटलं बरं बाई, नसेल खरं, पण आता म्हणतील तेव्हा बैठकीत जाऊ नको. समजूत घालू नको. इथूनच ओ दे. तिनं कुकरला डाळ लावायची सोडून पातेल्यातच शिजायला टाकली, इतकी ती गडबडली होती.

बैठकीतून आवाज आला. ताईनं माझ्याकडे पाहिलं. पदराचं टोक मुठीत धरलं आणि म्हणाली, "ओ."

 मग पुन्हा, "लोड?" ताई म्हणाली, "ओ." आणि भाऊजी हसले. त्या आजारात त्यांचं हसू अर्धंच उमटायचं, पण आवाज पुरा होता. पुन्हा त्यांनी हाक मारली, पुन्हा हिनं ओ दिली. मी ओट्याला टेकून तोंडात पदर कोंबून उभी होते. किती वेळ हे चाललं कोण जाणे. डाळ खाली लागून घरभर वास सुटला तेव्हा आम्हाला शुद्ध आली, आणि त्या दिवशी आम्ही करपट वरण खाल्लं. भाऊजींनीही खाल्लं.

त्यानंतरचे महिने ताईचे सुखाचे गेले. होय, सुखाचे. मला कोणी वेडं म्हटलं तरी चालेल. घरात दिवसभर हाक आणि ओ चाललेली असायची. कधी हाकेत भूक असायची, कधी तक्रार, कधी नुसतीच चौकशी, आहेस ना. ताईला आता सूर कळायला लागले होते. ती मला फोनवर सांगायची, आजचा लोड चहाचा होता, आजचा लोड रागाचा होता, मी कुलर बंद केला म्हणून. एकदा हसत हसत म्हणाली, "लग्नापासून नुसतं अवं-अवं केलं. आता या वयात मले नाव ठेवलं पाहा त्यायनं." रफीकभाईंची बायको आली की तिलाही कौतुकानं सांगायची, मला हे लोड म्हणतात. अंगावर मूठभर मांस चढलं होतं तिच्या.

थंडीत, सकाळच्या वेळी, भाऊजी गेले. ताई ओट्याशी चहा गाळत होती. बैठकीतून हाक आली. ताई म्हणाली, "ओ, आली." कपात चहा ओतला, बशी घेतली, आणि गेली तोवर सगळं संपलं होतं. मी पोचले तेव्हा ती त्यांच्या उशाशी बसली होती, डोळे कोरडे. मला पाहिल्यावर माझा हात धरला आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत राहिली. "मी ओ देली होती, नले. त्यायले ऐकू गेली असंन ना?" मी म्हटलं, गेली, ताई. गेलीच. दुसरं मी काय म्हणणार? निखिलनंही तेच सांगितलं, रफीकभाईंनी भरल्या डोळ्यांनी तेच सांगितलं. ती प्रत्येकाला विचारत होती आणि आम्ही सगळे जणू तिथं होतो असं ठामपणे सांगत होतो.

तेरवी झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी राहिलेली पाहुणी मंडळी बैठकीत बसली होती. भाऊजींची चुलतबहीण कुसुमताई मनानं चांगली, पण बोलायला लागली की थांबत नाही. ती उसासा टाकून मला सांगत होती की दादा सुटला बिचारा, लय भोगलं, आणि वहिनीनं तरी किती करावं? देवानं पाहिलं, म्हणाली, तिच्या डोक्यावरचा एवढा मोठा लोड.

"ओ, आली," आतून आवाज आला.

कुसुमताईचं वाक्य तोंडातच राहिलं. ताई हात पुसत पुसत लगबगीनं बैठकीत आली, आमच्या कोणाकडे न पाहता सरळ भिंतीकडे गेली. तिथं भाऊजींची खाट होती ती आम्ही काढून टाकली होती. फरशी धुतलेली होती. ताई त्या मोकळ्या जागेपाशी वाकता वाकता थांबली आणि तशीच उभी राहिली.  मग ती वळली आणि मला शोधून माझ्याकडे पाहत म्हणाली, "आता कोणी हाक मारली वं मले?"

"कोणी नाही, ताई," मी म्हटलं. आणि उठून तिला धरायला गेले तर ती खाली बसली होती, आणि भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडत होती.